जावयाच्या मानाचा अँटीव्हायरस

आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला आणि देव सोडले. घरातले टाक बाहेर गेले, नवस गेले, अंगात येणं गेलं, उंबऱ्यावरचं लिंबू गेलं. जावई मात्र सुटला नाही. बावीस प्रतिज्ञांत त्याच्याविषयी एकही नव्हती, म्हणून तो राहून गेला. आमच्या मंगरूळपीरच्या घरी जावई आला की खुर्ची त्याची, पंख्याखालची जागा त्याची, कोंबडीची तंगडी त्याची आणि शेवटचा शब्दही त्याचा. मी या घरात सून होऊन आले त्या दिवसापासून हे पाहत आले आहे, आणि ती तंगडी त्याच्या ताटात मीच वाढत आले आहे.

ही हकिकत त्या जावयाची आणि माझ्या कॉम्प्युटरची. रागानं लिहिते आहे. राग जुना झाला, पण अजून विटलेला नाही.

कॉम्प्युटर माझा होता, हे आधीच ठासून सांगते, कारण पुढे सगळे ते विसरणार आहेत. बस स्टँडसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी मराठी कंपोझिंग करायची. दुकानदाराला पुढे सोयाबीनच्या अडतीत जास्त राम दिसला आणि त्यानं दुकान गुंडाळलं. ज्या कॉम्प्युटरवर मी बसत होते तोच मी त्याच्याकडून विकत घेतला, माझ्या कमाईतून. मोबाईलला तेव्हा बटणं होती आणि घरात नेट असणं म्हणजे मोठ्या शहरातली गोष्ट होती. समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल टाकलं आणि वीज असेल त्या वेळात काम सुरू केलं. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, जयंतीची पत्रकं, उरुसाच्या जाहिराती, शिरपूरला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी भोजनालयाचं दरपत्रक, जे येईल ते. मजकूर जुळवायचा, फाइल पेन ड्राइव्हवर घालायची आणि बसनं वाशिमला जाऊन ऑफसेट प्रेसवाल्याच्या हाती द्यायची.

पैसे फार मिळायचे असं नाही. पण त्या कोपऱ्यात बसले की मला कोणी भाकरी टाक म्हणत नसे. निदान लगेच म्हणत नसे. एवढ्या मोठ्या घरात तेवढी चार बाय तीनची जागा माझी होती.

त्या जागेवर जावयाचा डोळा होता. माझी नणंद रिठदला दिलेली. तिचा नवरा वाशिमला एका ऑफिसात कामाला. त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, तेवढ्यावर तो आमच्या घरात 'कॉम्प्युटरमधला माणूस' ठरला. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, तर वाटायचं की कॉम्प्युटरचा शोध त्यानं नाहीतर त्याच्या बाजूच्या टेबलवाल्यानं लावला असावा. गळ्यात निळ्या नाडीला पेन ड्राइव्ह लटकवून तो यायचा. पहिल्यांदा माझं टेबल पाहिलं तेव्हाच म्हणाला, "हे इथं कायले ठेवलं? इथं याची निगा नाई होनार. आमच्याकडं पोट्टे तरी शिकतीन."

सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या माहेरचं भिंतीवरचं घड्याळ असंच एकदा 'दुरुस्तीला' म्हणून त्याच्यासोबत गेलं होतं. दुरुस्ती छान झाली. रिठदच्या भिंतीवर ते अजून वेळेवर चालतं. जावयानं मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती, फक्त मागायला निमित्त हवं होतं. कॉम्प्युटर एकदा बंद पडला की तो रिठदला जाणार, हे मला त्याच दिवशी कळून चुकलं.

आणि मग व्हायरस आला.

आधी साधंच वाटलं. एका फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं दुसरं फोल्डर, त्याच्या पोटात तिसरं. मला वाटलं माझाच हात चुकला. मग फाइली दिसेनाशा व्हायला लागल्या. मी जेवताना सहज बोलून गेले की कॉम्प्युटरला व्हायरस लागला बहुतेक, आणि तिथं चुकले. घरात एखादी गोष्ट सहज बोलायची सोय नसते. माझ्या सासऱ्यांनी, मामाजींनी, भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि मांडी सावरून बसले. रोगराई हा त्यांचा विषय होता.

मामाजी हिवताप खात्यात फवारणीला होते. सत्तरच्या दशकात हाती पंप घेऊन त्यांनी तालुक्यातली खेडी पालथी घातली होती. फवारा सरकारचा, फुकट. तरी लोकांना नको असायचा. ढेकूण वाढतात म्हणायचे, मांजरी मरतात म्हणायचे. ज्यांना हवा असायचा त्यांनाही ओसरीपुरताच, कारण मामाजींची जात गावात त्यांच्या आधी पोचलेली असायची. "इथूनच मार, आत नको येऊ," असं घरधनी उंबऱ्यात उभा राहून सांगायचा. मग ओसरीची भिंत पांढरीशुभ्र व्हायची आणि आत चुलीमागे डास निवांत बसलेले असायचे. पुढे त्याच घरात थंडीताप आला की शिव्या मामाजींना, की यानं नुसतं पाणी मारलं. हे सांगताना मामाजी हसायचे. मला ते ऐकताना कधी हसू आलं नाही, चीड यायची, आणि आजही येते.

पण त्या सगळ्यातून मामाजींनी काढलेला धडा मात्र अजब होता. उंबऱ्यात कोणाला अडवावं आणि कोणाला आत घ्यावं हे घरच्यानं डोकं चालवून ठरवावं, असा नाही. त्यांचा धडा असा, की फवारा घेऊन येईल त्याला आत घ्यावं, कोणालाच अडवू नये.

"औषध टाकनारा आला का दार उघडून द्याव," मामाजी म्हणाले. "मनाई केली का रोग होते. पायलं हाय मी."

आमचे हे, म्हणजे माझा नवरा, एका हायस्कुलात क्लार्क. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना घरी आणलं. सर म्हणाले, बाजारात विकतचे अँटीव्हायरस पुष्कळ आहेत, पण घरच्या वापराला फुकटचे चालतात. फुकटचेही दोन जातींचे. एक कायमचे फुकट, आणि दुसरे महिनाभर गोड बोलून मग पैसे मागणारे. दुसऱ्या जातीचा पाहुणा आमच्या घराला चांगलाच माहीत होता, त्यामुळे ते लगेच समजलं. सरांनी सी.डी. घातली, कायमचा फुकट असलेला एक अँटीव्हायरस टाकला, चहा घेतला आणि जाताना सांगितलं, "वैनी, याले दर आठवड्याले नवी माहिती द्या लागते. नवे चोर कसे दिसतेत हे त्याले कळलंच नाई तं थो पकडन कोनाले?" नेट नव्हतं, म्हणून ती नवी माहिती वाशिमच्या नेट कॅफेतून आणायची असं ठरलं. प्रेसला तर मी जातच होते.

सरांचा अँटीव्हायरस गरीब स्वभावाचा होता. खाली उजव्या कोपऱ्यात गपचूप बसायचा. त्यानं फोल्डरच्या पोटातली फोल्डरं साफ केली आणि काम रुळावर आलं. महिनाभर मी निर्धास्त होते.

मग जावई आला. पाणी प्यायला, खुर्चीवर बसला, माऊस हातात घेतला आणि उजवा कोपरा पाहून असा हसला की आतल्या खोलीतून आत्याबाई विचारत आल्या, काय झालं म्हणून.

"हे कोनं टाकलं? हे तं पोट्ट्यायचं खेळनं हाय. याच्यानं मच्छरबी नाई मरनार."

मच्छर म्हटल्याबरोबर मामाजींनी मान डोलावली. जावयानं गळ्यातला पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला आणि आपल्यासोबत आणलेला दुसरा अँटीव्हायरस टाकायला घेतला. हाही फुकटच. पण जावयाच्या मते मोठा. किती मोठा, तर अर्ध्या तासात जेमतेम पूर्ण टाकून झाला. जे जड ते दमदार, हा त्याचा हिशेब. ज्वारीच्या पोत्याला तो लागू असेल. मी म्हटलं, "आधीचा काढा लागन नं मंग? एका म्यानात दोन तलवारी कशा राह्यतीन?"

ह्यांनी लगेच माझ्याकडे डोळे वटारले. "सरानं टाकला हाय थो. उद्या शाळेत तोंड दाखवाचं हाय मले."

"राहू द्या ना," जावई उदारपणे म्हणाला. "एकापेक्षा दोन बरे."

मामाजींचा तर सिद्धान्तच होता. त्यांनी दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला. माझ्या कॉम्प्युटरवर अशा रीतीनं दोन राखणदार बसले, एक नोकरीच्या मानाचा आणि एक सोयरिकीच्या मानाचा. मला कोणी विचारलं नाही. मी चहाचे कप उचलले.

दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. जमणार कसं? राखणदाराचं कामच मुळी असं, की घरात कोण शिरला, कोण फाइली उघडून पाहतो, कोण सगळीकडे नाक खुपसतो त्याला धरायचं. आणि नेमकं तेच दुसराही करत होता. सरांचा म्हणे जावयाचा चोर आहे, जावयाचा म्हणे सरांचा चोर आहे. दिवसभर एकमेकांच्या झडत्या. मी बटण दाबून भाजी चिरून यायची, भात चढवून यायची, तरी पडद्यावर तेच चाक फिरत असायचं. शिवाय जावयाच्या अँटीव्हायरसमध्ये एक बाई होती. ती मधूनच इंग्रजीत मोठ्यानं काहीतरी सांगायची. आत्याबाई दचकायच्या आणि विचारायच्या, "थे बाई काय म्हनून राह्यली वो?"

"जवाईबापू आले होते, असं म्हनून राह्यली," मी सांगायची.

एकदा मी ह्यांना म्हटलं, यातला एक काढते, काम होत नाही. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. आत्याबाई मात्र जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, जवायानं टाकलेलं काढाचं नाई. मायी पोरगी तिकडं नांदून राह्यली. एवढ्याशा गोष्टीचं तिच्या डोक्यावर फोडतीन थे." त्यांचे डोळे भरले होते. मी दोन्ही तसेच राहू दिले. एका अँटीव्हायरसवर एका पोरीचा संसार टांगलेला असतो, हे कोणत्याच कंपनीनं खोक्यावर लिहिलेलं नसतं.

लग्नसराई सुरू झाली. जवळच्या खेड्यातला एक बाप पोरीची पत्रिका घेऊन आला. उभ्या उभ्याच मजकूर सांगितला, निमंत्रकांची नावं सांगितली, मग काका राहिले, मामा राहिले, चुलत आजोबा राहिले असं करत खाली बसला. मी सगळं जुळवलं, त्याला वाचून दाखवलं. परवा येऊन फाइल प्रेसला गेली का ते बघतो, म्हणाला. मला म्हणाला, "बाई, तुमच्याच भरोशावर हाय मी."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला आणि पत्रिका उघडली तर मराठीच नाही. वधू नाही, वर नाही, मंगल परिणय नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, अर्धविराम, यांचा नुसता कचरा. दुसरी पत्रिका उघडली, तीही तशीच. तेरवीचं कार्ड तसंच, जयंतीचं पत्रक तसंच. इतक्या दिवसांचं सगळं काम एका ओळीत उभं राहून मला वेडावत होतं. आधी व्हायरसचीच आठवण आली, पण हे व्हायरसचं काम नव्हतं. तेवढ्यात ती बाई बोलली आणि पडद्यावर खाली सूचनेचं एक खोकं उघडलं. जावयाच्या अँटीव्हायरसनं माझा मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम, सगळ्या फॉन्टांसकट, संशयित म्हणून पकडून कोठडीत टाकला होता.

आता खरं सांगायचं तर तो प्रोग्रॅम काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. तो झेरॉक्सवाल्याकडून कॉम्प्युटरसोबत आला होता, झेरॉक्सवाल्याला कोणीतरी फुकट उतरवून दिला होता. साऱ्या जिल्ह्यातल्या लग्नपत्रिका तेव्हा त्याच पंक्तीतल्या प्रोग्रॅमवर छापल्या जात होत्या. पण माझ्या फाइली खाणारे खरे चोर मोकाट, आणि घरात दोन पैसे आणणारा आत, असा न्याय मी आधी फक्त ऐकला होता, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसा. तो आपल्या टेबलावर घडतो तेव्हा काय वाटतं ते त्या दिवशी कळलं. मी रडले नाही. शिव्या दिल्या, मनातल्या मनात, आणि त्या सगळ्या वऱ्हाडी होत्या.

हे शाळेतून आले आणि पडद्यावरचा कचरा पाहून घाबरले. मला न विचारता त्यांनी फोन लावला तो जावयाला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण इकडचं आलं. "हो, हो. रविवारी या. घेऊनच जा तुमी."

घेऊनच जा. माझ्याकडे दोन-तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी टाकली नाही. दिवसाची वीज होती तोवर बसून ते इंग्रजी खोकं शब्द अन् शब्द वाचून काढलं. डिक्शनरी मांडीवर. कोठडीतून सोडवायचं बटण तिथंच होतं, फक्त ते कोणी वाचलं नव्हतं. दाबलं, आणि पडद्यावर मंगल परिणय परत आलं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून डोकं काढून पाहिलं. कॉम्प्युटर बंद न करता तशीच फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि वाशिमची बस धरली. पत्रिका प्रेसला पोचली. त्या बापाला काहीही कळलं नाही.

पण घरी आले, पुन्हा सुरू केला, तर त्या बाईनं मराठीला पुन्हा आत टाकलेलं. सोडवा, पुन्हा आत. हिच्यात शहाणपण औषधालाही उरलेलं नव्हतं.

त्या वाशिमच्या फेरीत मी आणखी एक काम केलं होतं. नेट कॅफेत बसून फुकटच्या अँटीव्हायरसांची चौकशी केली. प्रत्येकाचा फोटो ढालीचा नाहीतर छत्रीचा, प्रत्येक जण सगळ्यांत भारी. माझी कसोटी दोनच गोष्टींची होती. जुन्या कॉम्प्युटरला झेपला पाहिजे, आणि हा माझा आहे, याला हात लावू नको, असं सांगितल्यावर ऐकला पाहिजे. कसोटीला जो उतरला तो सरांचाच होता, आधीपासून घरात होता. सगळीकडे एकच गोष्ट ठळक लिहिलेली होती, की दोन कधीही ठेवू नका. त्यासाठी इंग्रजी वाचायची काय गरज होती? हे तर मी चहाचे कप उचलायच्या आधी बोलले होते.

दुसरी गोष्ट नवी माहिती घातल्यावर कळली. सरांच्या अँटीव्हायरसनं कॉम्प्युटर तपासून एक नोंद दाखवली. फोल्डरच्या पोटात फोल्डर करणारा तो रोग पुन्हा आत आला होता, आणि ज्या दिवशी आला तो दिवस जावई येऊन गेला तोच. मागच्या वेळचा आठवला, तेव्हाही जावई नुकताच जेवून गेला होता. रोग बाहेरून आपोआप येत नव्हता. तो निळ्या नाडीला लटकून येत होता, सिनेमाच्या गाण्यांसोबत, खुर्चीवर बसून कोंबडी खात होता. आणि जावयाच्या अँटीव्हायरसनं त्या पेन ड्राइव्हकडे पाहून एकदाही तोंड उघडलं नव्हतं. जावयाच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत ही आमच्या घरची रीत त्या बाईलाही कोणीतरी शिकवली होती.

रविवारी जावई आला, सोबत नणंद. कोंबडी शिजत होती. आल्या आल्या त्यानं खुर्ची ओढली, पडदा पाहिला, च् च् केलं.

"फॉरमॅट मारा लागन. इथं नाई होत थे. मी घेऊन जातो रिठदले, आरामशीर करतो."

"फॉरमॅट म्हंजे सगळं पुसून टाकसान?" मी विचारलं.

"नवा होते ना मंग."

"अन् वापस कधी आनसान?"

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "सूनबाई, जवायाले असं इचारते का कोनी?"

"पोट्टे शिकतीन थोडे दिवस," जावई म्हणाला आणि मागच्या वायरी काढायला वाकला. फुकटचा अँटीव्हायरस देऊन कॉम्प्युटर न्यायचा. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

"हात नका लावू," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो वाकलेला तसाच राहिला. मामाजी खाटेवरून म्हणाले, "जवाईबापू हायेत, जाऊ दे ना सूनबाई." ज्या माणसाला जन्मभर दुसऱ्यांच्या उंबऱ्यात थांबवलं गेलं, तो माझ्या टेबलाच्या बाबतीत असं म्हणतो याचा मला त्या क्षणी सगळ्यांत जास्त राग आला, जावयापेक्षाही जास्त.

"बिमारी तुमच्या गळ्यात हाय, जवाईबापू," मी म्हटलं. "आना थो पेन ड्राइव्ह."

त्यानं दिला. मला खोटं पाडायलाच दिला. मी लावला. सरांच्या गरीब अँटीव्हायरसनं लाल खोकं उघडलं आणि एकाखाली एक नावं लिहायला सुरुवात केली. खोकं भरलं, खाली सरकलं, पुन्हा भरलं. जावयाची बाई गप्प. ह्यांनी पुढे येऊन वाचलं आणि मागे सरले.

"हे सराचं फुकटचं हाय, याच्यावर काय भरोसा?" जावई म्हणाला.

"तुमचंबी फुकटचंच हाय."

मी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि बसले. आधी मराठीला कोठडीतून सोडवलं, मग जावयाचा अँटीव्हायरस काढायला घेतला. शेवटी एक खोकं आलं, तुम्हाला नक्की काढायचा आहे का, असं विचारणारं. इतक्या दिवसांत त्या टेबलाबद्दल मला कोणी काही विचारलं असेल तर ते त्या खोक्यानं. मी हो दाबलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत आत रस्सा रटरटत होता. मी पत्रिका उघडली. मराठी जागच्या जागी होतं.

जावयानं पेन ड्राइव्ह उपसला, नाडी गळ्यात अडकवली आणि नणंदेला म्हणाला, "चाल वो. इथं आपलं काम नाई."

"जेवून तं जा," मामाजी म्हणत राहिले. आत्याबाई पदर तोंडाला लावून दारात बसल्या. हे त्याच्यामागे अंगणात गेले, तिथं काय बोलले ते माहीत नाही. जावई ऑटो बघायला थेट रस्त्यावर. जेवण तसंच राहिलं. मला भीती वाटत होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. आत्याबाई म्हणाल्या होत्या ते सगळं आता नणंदेच्या डोक्यावर फुटणार होतं, आणि ते मी केलं होतं.

नणंद पिशवी घ्यायला खोलीत आली. तिच्याकडे बघायची मला हिंमत होईना. "तुले तरास होईन मायामुळं," मी म्हटलं.

ती टेबलापाशी थांबली. पडद्यावरचं मंगल परिणय वाचलं, खालची नावं वाचली, ओठ हलवत, सगळी. मग की-बोर्डला हात न लावता म्हणाली, "वहिनी, बरं केलं तू. हा तिकडं आला असता तं मले भेटला असता, पन नुसता धूळ पुसाले."

बाहेर ऑटोचा भोंगा वाजला, तशी ती चप्पल घालून निघाली.